दुसऱ्या दिवशी सात वाजता

दिवाबत्ती झाली की आमची वेंगुर्ल्याची काकी सूप घेऊन टीव्हीपुढे बसायची. सुपात कधी वालीच्या शेंगा, कधी निवडायचे तांदूळ. तिची सातची मालिका तीन वर्षं चालली आणि गेल्या मे महिन्यात संपली. शेवटच्या आठवड्यात खलनायिकेनं गुन्हे कबूल केले, हरवलेला भाऊ परतला, कोर्टाचा निकालही लागला. दुसऱ्या दिवशी सात वाजता काकी खळ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आता ह्या येळाक काय करूचा ता कळना नाय रे."

तिच्या या चुटपुटीचा अभ्यास झालेला आहे. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे ठाऊक असूनही, रोज ठरल्या वेळी दिसणाऱ्या चेहऱ्याचा लळा लागतो. मे २००४ मध्ये 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका दहा वर्षांनी संपली, तेव्हा केरन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी ती पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारलं. आवडत्या पात्राशी नातं जितकं घट्ट, तितका निरोप जड गेलेला दिसला. एकटेपणा असलेल्यांना तो आणखी जड गेला.

मग शेवट फसला की सगळी मालिकाच फसली असं का वाटतं? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. ३२ जणांनी एक हात १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद बुडवला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर ३० सेकंद जादा. त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर २२ जणांनी लांबलेली खेप निवडली! त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट जरा सुसह्य होता. किती वेळ गेला याचा हिशेब आठवण फारसा ठेवत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवते.

रोजच्या मालिकांचा घोळ इथेच होतो. टीआरपी घसरतो, वेळ नव्या मालिकेला जाते आणि लेखकांच्या हाती थोडेच भाग उरतात. ते कथेच्या गाठी सोडवण्यात खर्च होतात. मला वाटतं, प्रेक्षकाला गाठींपेक्षा निरोप हवा असतो. कोरियन युद्धावरची 'मॅश' ११ वर्षं चालली. प्रत्यक्ष युद्ध तीनच वर्षांचं. २८ फेब्रुवारी १९८३ ला तिचा अडीच तासांचा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्यात युद्ध थांबतं आणि छावणीतला एकेक जण दुसऱ्याचा निरोप घेतो. अखेरीस हेलिकॉप्टरमधून खाली दगडांनी लिहिलेला निरोपाचा शब्द दिसतो.

आपल्या दशावताराला हे आधीपासून ठाऊक आहे. रात्रभर आख्यान रंगतं, राक्षस मरतो, पण तेवढ्यावर जत्रेतला माणूस उठत नाही. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, मग लोक घरची वाट धरतात. त्या काल्यावरूनच अख्ख्या खेळाला दहीकालो म्हणतात.

गार पाण्याचा प्रयोग मी काकीला सांगितला आणि विचारलं, शेवट बिघडल्यामुळे तुझी मालिकाही बिघडली का? पण प्रयोग दीड मिनिटाचा आणि मालिका तीन वर्षांची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शेंगेची शीर काढता काढता ती म्हणाली, "शेवट बरो नाय झालो, खरा. पण ती सुरू झाली तेव्हा तुझो काको होतो. दोघांनी मिळान बघलेली ती."