एटीसीची भरती: पेपर निघतो, कागद अडवतात

दोन वर्षं घासून पेपर काढायचा आणि कागदपत्रं तपासणीच्या टेबलावर ‘हा दाखला केंद्राच्या नमुन्यात नाही’ असं ऐकून परत यायचं. असं झालेली पोरं पाहिली आहेत, म्हणून एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल (एटीसी), म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरच्या भरतीबद्दल लिहितोय. २०२५ च्या जाहिरातीत ३०९ जागा होत्या आणि अर्जाची मुदत २५ एप्रिल ते २४ मे होती. पुढच्या वेळी आकडे बदलतील, अडकायच्या जागा बहुधा याच राहतील.

पात्रता वरवर सोपी आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन केलेली पूर्णवेळ नियमित बीएस्सी, किंवा कुठल्याही शाखेची पूर्णवेळ इंजिनिअरिंग पदवी. मात्र तिच्या एखाद्या तरी सेमिस्टरला फिजिक्स आणि मॅथ्स असायला हवं. खरी गोची डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेल्यांची. त्यांच्या पदवीच्या गुणपत्रिकांत मॅथ्स सापडतं, फिजिक्स बहुतेकदा सापडत नाही, कारण ते पहिल्या वर्षाला असतं आणि ते वर्ष यांनी केलेलंच नसतं. अशांनी फी भरायच्या आधी अथॉरिटीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावं. ‘मित्राचं चाललं होतं’ हा पुरावा टेबलावर चालत नाही.

वय २७, आणि ते मोजायचं अर्जाच्या शेवटच्या तारखेला. अठ्ठाविसावा वाढदिवस येईपर्यंत चालतं, हा गैरसमज दरवेळी भेटतो. सत्ताविसावा वाढदिवस त्या तारखेआधी होऊन गेला असेल तर खुल्या प्रवर्गातून विषय संपला. ओबीसींना ३ आणि एससी-एसटींना ५ वर्षांची सूट आहे.

आता दाखला. महाराष्ट्रातला नेहमीचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर राज्याच्या कामासाठी असतात. इथे केंद्र सरकारच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. भटक्या-विमुक्तांचा वेगळा प्रवर्ग केंद्राच्या भरतीत नाहीच. धनगर असो की वंजारी, तिथे ओबीसी म्हणूनच अर्ज भरायचा. एसईबीसीचा, म्हणजे राज्यातल्या मराठा आरक्षणाचा, दाखला केंद्रात उपयोगाचा नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतं, त्यामुळे मार्चआधी काढलेलं एप्रिलनंतरच्या जाहिरातीला जुनं ठरतं. सेतूत गेलात की ‘हाच न्या, सगळे हाच नेतात’ असं सांगणारा कोणीतरी भेटेल. त्याचं ऐकू नका. जाहिरातीच्या शेवटी दिलेला नमुना छापून न्या आणि ओळीला ओळ लावून बघा. अर्ज, मंजुरी आणि सही यांत दिवस जातात, म्हणून जाहिरातीची वाट न बघता आधीच कामाला लागा.

नावाचाही घोळ असतोच. दहावीच्या सनदेवर आडनाव पुढे, आधारवर मागे आणि पदवीवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. फॉर्ममध्ये दहावीप्रमाणे नाव भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी गॅझेट किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावं. फोटो, सही, फी या गोष्टी अर्ज भरताना आपोआप कळतात.

परीक्षा १२० गुणांची, दोन तासांची, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग कागद तपासणी, व्हॉइस टेस्ट, मानसशास्त्रीय चाचणी, नशेच्या पदार्थांची तपासणी आणि मेडिकल. व्हॉइस टेस्टला मुलं हसतात. तिचं महत्त्व कळायला १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर झालेली दोन विमानांची टक्कर आठवावी. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी विमानाला १४ हजार फुटांची परवानगी होती, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५ हजारांची. मधलं अंतर फक्त हजार फूट. कझाक विमान त्याच्याही खाली आलं, दोघं आदळली आणि ३४९ माणसं गेली. कझाक वैमानिकांचं इंग्रजीही कच्चं होतं. विमानं अशी जवळ येऊन थोडक्यात वाचतात, तेव्हाही चौकशीत रेडिओवरचं बोलणं तपासलं जातं. वैमानिकाने सूचना जशीच्या तशी परत म्हणायची आणि कंट्रोलरने ती कान देऊन ऐकायची, यावरच सगळं उभं आहे. म्हणून व्हॉइस टेस्टला ऐटीतलं इंग्रजी लागत नाही, आकडे स्वच्छ बोलता यायला हवेत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक समोरच्याला ऐकू आला पाहिजे. घरी मोठ्याने वाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्याला ऐकवा.

रंगांधळेपणा मेडिकलला अडवतो. रेडिओ बंद पडला की टॉवरवरून विमानाला हिरव्या-लाल दिव्याने खुणावतात, तेव्हा सवलतीचा प्रश्नच येत नाही. अभ्यासाला बसण्याआधीच जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि चाचणीच्या आठवड्यात खोकला झाला, तर कोडीन असलेलं औषध घेऊ नका. घ्यावंच लागलं तर डॉक्टरची चिठ्ठी खिशात ठेवा आणि नमुना देण्याआधीच दाखवा.