कलम ६६ अ (माहिती तंत्रज्ञान कायदा)

कलम ६६ अ हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं एक कलम, ज्याच्या जोरावर फेसबुक पोस्ट, ट्विट, ईमेल, नुसतं फॉरवर्ड केलेलं कार्टून अशा कशावरूनही माणसाला वॉरंटशिवाय उचलता यायचं. २७ ऑक्टोबर २००९ ला ते लागू झालं आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने अख्खंच्या अख्खं रद्द केलं, म्हणजे कायद्याने त्याचं आयुष्य साडेपाच वर्षांच्याही आतलं. पण पोलीस ठाण्यांमध्ये ते त्यानंतरही कित्येक वर्षं लावलं जात राहिलं, आणि सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या आकड्यांमध्ये त्या बाबतीत पहिला नंबर महाराष्ट्राचा होता. त्यामुळे या कलमाबद्दल लिहिताना निकालावर थांबून चालत नाही, निकालानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे.

मूळ २००० च्या कायद्यात हे कलम नव्हतंच. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेने या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि त्यात ते आलं. गोंधळातच दुरुस्ती मंजूर झाली, त्यावर म्हणावी अशी चर्चा झालीच नाही. कलमातली भाषा बरीचशी ब्रिटनच्या टपाल आणि दूरसंचार कायद्यांमधून उचललेली होती, जिथे ती मुळात टेलिफोनवर शिवीगाळ करून लोकांना छळणाऱ्यांसाठी होती. एका माणसाने दुसऱ्या माणसाला त्रास द्यायला केलेला फोन वेगळा आणि चार लोकांसमोर मांडलेलं मत वेगळं, पण इथे दोन्हीला एकच माप लावलं गेलं.

कलमाचे तीन भाग होते. पहिल्यात ‘घोर आक्षेपार्ह’ किंवा धमकीवजा मजकूर पाठवणं, दुसऱ्यात खोटी आहे हे माहीत असूनही त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष, दुर्भावना वगैरेसाठी वारंवार माहिती पाठवणं, आणि तिसऱ्यात त्रास द्यायला किंवा पाठवणारा कोण हे लपवायला ईमेल किंवा मेसेज करणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा जामीनपात्र पण दखलपात्र, आणि खरी मेख या ‘दखलपात्र’मध्येच होती. म्हणजे बघा, पेपरात कुणाची बदनामी छापली तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेप्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आणि गुन्हा अदखलपात्र, पोलीस आपणहून अटक करू शकत नव्हते. तेच वाक्य फेसबुकवर टाकलं आणि कुणी म्हटलं मला त्रास झाला, की तीन वर्षं आणि अटक त्याच दिवशी. ‘त्रास’ म्हणजे काय, ‘गैरसोय’ कुणाची, ‘घोर’ कुठून सुरू होतं, यातल्या एकाही शब्दाची व्याख्या कायद्यात नव्हती, त्यामुळे ती व्याख्या करायचं काम ठाण्यात बसलेल्या साहेबांवर आलं.

२०१२ हे वर्ष या कलमाचं सगळ्यात वाईट वर्ष. एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून अटक झाली. त्यांची त्या खटल्यातून सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं, कलम रद्द होऊन जवळपास आठ वर्षं झालेली. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहासोबत हेही कलम लागलं. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीत एका व्यावसायिकाला एका मंत्र्याच्या मुलाबद्दलच्या ट्विटवरून पकडलं.

आणि मग पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, मुंबई आणि आजूबाजूचा सगळा भाग बंद होता. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरातून नाही, भीतीतून आहे. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. बस, एवढंच. पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती, कुणाला चिथावणी नव्हती. ठाण्यात तक्रार गेली, दोघींना बोलावून घेतलं, भारतीय दंड संहितेतल्या कलमांसोबत ६६ अ लावलं, अटक केली आणि १९ नोव्हेंबरला कोर्टाने १५ हजारांच्या जातमुचलक्यावर सोडलं. तिकडे जमावाने त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली, ज्याचा पोस्टशी काडीचाही संबंध नव्हता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. देशभर आरडाओरडा झाल्यावर राज्य सरकारने चौकशी लावली, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले आणि पुढे केस बंद करण्यात आली. पण कॉलेजच्या वयाच्या दोन मुलींना लाइकसाठी अटक होते हे लाखो लोकांनी बघितलं, आणि पुढच्या वेळी काही लिहिताना हात आखडला जायचा तो गेलाच. कायद्याच्या पुस्तकात या आखडण्याचा आकडा कुठेच मिळत नाही, पण नुकसान खरं तिथेच झालं.

याच बातमीवरून दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने नोव्हेंबर २०१२ मध्येच थेट सुप्रीम कोर्टात जनहित याचिका टाकली. नंतर बाकीच्या याचिका तिला येऊन मिळाल्या, त्यात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) ही नागरी हक्कांची संघटना, कॉमन कॉज ही संस्था आणि लोकांचे रिव्ह्यू छापणारी माउथशट ही साइट होती. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना सल्ला पाठवला की वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय या कलमाखाली अटक करू नका, म्हणजे महानगरात महानिरीक्षक आणि जिल्ह्यात उपायुक्त किंवा अधीक्षक पातळीवरची परवानगी. पण पालघरमध्ये निलंबित झाले त्यात खुद्द पोलीस अधीक्षकच होते, त्यामुळे नुसत्या परवानगीने प्रश्न कसा सुटणार होता हे कळत नाही.

निकाल न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने दिला आणि लिहिला नरिमन यांनी. त्यातली मुख्य गोष्ट समजायला अजिबात अवघड नाही. बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात, एखाद्या विषयाची चर्चा करणं, एखादी बाजू जोरात मांडणं, आणि लोकांना कृतीसाठी चिथावणं. पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी घटनेच्या कलम १९(१)(अ) चं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण त्यांना आहे, सरकारला हात घालता येतो तो तिसऱ्या पायरीवर, आणि तोसुद्धा १९(२) मध्ये दिलेल्या आठ कारणांपुरताच. त्रास आणि गैरसोय त्या आठांत कुठेच बसत नाहीत. शब्द किती सैल आहेत हे दाखवायला कोर्टाने ब्रिटनमधलीच दोन प्रकरणं घेतली, जिथे तोच मजकूर खालच्या कोर्टाला एक वाटला आणि वरच्या कोर्टाला दुसरं. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचंच जमत नसेल तर साध्या माणसाने पोस्ट टाकायच्या आधी काय ठरवायचं? गैरवापर होणार नाही अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती, पण सरकारं येतात जातात आणि कलम तसंच राहतं असं म्हणून कोर्टाने ती नाकारली. केरळ पोलीस कायद्यातलं तसंच एक कलमही सोबत गेलं.

याच निकालात ६९ अ, म्हणजे केंद्राने वेबसाइट आणि पोस्ट ब्लॉक करायचं कलम, मात्र वैध ठरलं. लेखी कारणं आणि समितीची प्रक्रिया आहे म्हणून कोर्टाने ते ठेवलं, पण नियमांमध्ये गुप्ततेची अट असल्यामुळे ती कारणं पुष्कळदा ज्याची पोस्ट गेली त्यालाच बघायला मिळत नाहीत. ६६ अ च्या जल्लोषात हा भाग मागे पडला तो पडलाच.

आता निकालानंतरचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा आदेश द्यावा लागला की निकालाची प्रत सगळ्या हायकोर्टांना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवा, त्यांनी ती पोलिसांपर्यंत पोचवावी. तरी थांबलं नाही. जुलै २०२१ मध्ये पीयूसीएलने आकडे ठेवले, निकालानंतर नोंदलेले गुन्हे हजाराच्या वर आणि त्यातले ३८१ एकट्या महाराष्ट्रात. नरिमन तेव्हा अजून कोर्टात होते, आपणच रद्द केलेल्या कलमाची ही यादी त्यांच्याचसमोर आली, आणि हे धक्कादायक आहे असं त्यांनी म्हटलं. असं का होतं याचं उत्तर ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी तिथेच दिलं. कायद्याच्या छापील पुस्तकात कलम ६६ अ पूर्ण छापलेलं असतं आणि ते रद्द झालंय हे खाली तळटिपेत असतं. एफआयआर लिहिणारा हवालदार कलम बघतो, तळटीप कोण वाचतं? एवढा मोठा निकाल, आणि तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात अडकून पडलेला.

शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ ला सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने स्पष्ट आदेश काढला. या कलमाखाली कुणावरही खटला चालणार नाही, चालू खटल्यांमधून ते वगळायचं, पोलिसांनी नव्याने ते लावायचं नाही, आणि कायद्याच्या पुस्तकात, सरकारी असो की खासगी, ते घटनाबाह्य ठरलंय हे वाचकाला नीट कळेल असं छापायचं.

याच मालिकेतलं पुढचं मोठं प्रकरण मुंबई हायकोर्टात झालं. २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांत बदल करून सरकारी कामकाजाबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी की खरी हे ठरवायला स्वतःचंच फॅक्ट चेक युनिट नेमायची सोय केली. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं, जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं मत वेगवेगळं पडलं, मग तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नियम घटनाबाह्य ठरवला. त्या वादात श्रेया सिंघल निकाल परत परत आला, ‘खोटी’ आणि ‘दिशाभूल करणारी’ हे शब्दही तसेच सैल होते.

आज एखाद्याच्या एफआयआरमध्ये ६६ अ दिसलंच तर २०२२ चा आदेश दाखवून ते काढून टाकायची मागणी करता येते, गरज पडली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली हायकोर्टात. मात्र त्याने पूर्ण एफआयआर आपोआप रद्द होत नाही. सोबत दुसरी कलमं असतील, जसं पालघरमध्ये होतं, तर ती तशीच चालू राहतात आणि त्यांच्यासाठी वेगळं भांडावं लागतं.