टॉइज-टू-लाइफ खेळणी

व्हिडिओ गेमशी जोडून खेळायच्या, संग्रह करण्याजोग्या छोट्या पुतळ्यांना टॉइज-टू-लाइफ म्हणतात. पुतळा कन्सोलला, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राला, जोडलेल्या वाचकपट्टीवर ठेवला की तेच पात्र पडद्यावर उतरते, उचलला की निघून जाते. २०११ नंतरची सहा-सात वर्षे हा या खेळण्यांच्या भरभराटीचा काळ होता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात ती फारशी पोचली नाहीत. मात्र पुतळे वर्षानुवर्षे जमवायचे आणि त्यांच्याभोवती खेळ रचायचा, ही रीत इथल्या मराठी घरांत दिवाळीच्या किल्ल्यांमुळे आधीपासून रुजलेली आहे. म्हणून नोंदीच्या उत्तरार्धात तिचाही विचार केला आहे.

पुतळ्याच्या बैठकीत एक बारीक चिप आणि तारेचे वेटोळे असते. बॅटरी नसते. वाचकपट्टी १३.५६ मेगाहर्ट्‌झ वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यातून वेटोळ्यात अल्प वीज येते आणि तेवढ्यावर चिप आपली ओळख सांगते. मशीनला नुसते टेकवून पैसे देण्याच्या बँक कार्डातही हेच तत्त्व वापरतात. पल्ला काही सेंटिमीटरचाच. पात्राचे रूप, आवाज, हालचाली चिपमध्ये मुळीच नसतात; त्या गेमच्या फाइलींत आधीच भरलेल्या असतात. निन्तेंदो या जपानी गेम कंपनीच्या अमिबो पुतळ्यांतील चिपची साठवण तर जेमतेम ५४० बाइट आहे. पण आपण कोण आणि खेळात कुठवर आलो, एवढे लक्षात ठेवायला ती पुरते.

या खेळण्यांचे खरे वेगळेपण त्या स्मृतीत आहे. स्कायलँडर्स या गेममालिकेत पात्राने कमावलेले सोने, चढलेली पातळी, मिळवलेल्या शक्ती, मुलाने ठेवलेले टोपणनाव हे सगळे पुतळ्यातच साठत असे. मित्राकडे निराळ्या कंपनीचा कन्सोल असला तरी पुतळा खिशात घालून जायचे आणि आपलाच गडी घेऊन तिथे खेळायचे. खेळातली कमाई हातात धरता येते, दुसऱ्याला देता येते, ही गोष्ट त्याआधीच्या व्हिडिओ गेममध्ये क्वचितच होती.

मॅटेल या खेळणी कंपनीने २००७ मध्ये संगणकाला जोडायचे यू. बी. फंकीज आणले होते; पण या प्रकाराला बाजारात जागा मिळवून दिली ती ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीने ऑक्टोबर २०११ मध्ये आणलेल्या ‘स्कायलँडर्स : स्पायरोज ॲडव्हेंचर’ने. तो गेम टॉइज फॉर बॉब या कॅलिफोर्नियातील स्टुडिओने घडवला. २०१३ मध्ये डिस्ने इन्फिनिटी, २०१४ मध्ये अमिबो आणि २०१५ मध्ये लेगो डायमेन्शन्स असे एकापाठोपाठ एक स्पर्धक उतरले. स्कायलँडर्सने दरवर्षी काही नवे केले : २०१३ च्या स्वॅप फोर्समध्ये पुतळ्याचे चुंबकाने जोडलेले वरचे-खालचे भाग अदलाबदल करता येत, २०१४ च्या ट्रॅप टीममध्ये पराभूत केलेल्या खलनायकाला पारदर्शक खड्यासारख्या सापळ्यात कोंडता येई.

उतरणही वेगाने झाली. कोणते पात्र खपेल याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधून माल तयार करावा लागे. अंदाज चुकला की गोदामे भरत. दरवर्षी नवा गेम, नवे पुतळे, कधी नवी पट्टी यांचा खर्च पालकांना जड होऊ लागला. डिस्नेने मे २०१६ मध्ये हा व्यवसाय बंद करून १४.७ कोटी डॉलरचा फटका सोसला. स्कायलँडर्सचा शेवटचा मुख्य गेमही त्याच वर्षीचा. लेगो डायमेन्शन्स २०१७ मध्ये थांबले. युबिसॉफ्ट या कंपनीने २०१८ मध्ये स्टारलिंक हा असाच गेम आणला, पण एप्रिल २०१९ मध्येच त्याची नवी खेळणी बंद केल्याचे जाहीर केले. अमिबो तेवढे टिकले, कारण ते एका गेमवर अवलंबून नाहीत आणि कित्येक जण ते केवळ कपाटात मांडायला घेतात.

बेळगावच्या पोरांचे गेमिंग मुख्यतः मोबाइलवर चालते. कन्सोल थोड्या घरांत. परदेशी पुतळ्यांची वाट पुढे आणखी अरुंद झाली. केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना मात्र त्यातून सूट आहे. मातीचे मावळे घडवणाऱ्यांसाठी ही सूट मोलाची आहे.

दिवाळीत गल्लोगल्ली माती, दगड, पोती घेऊन पोरे किल्ला रचतात. रायगड, प्रतापगड किंवा येळ्ळूरचा राजहंसगड. उतारावर मोहरी नाहीतर अळीव पेरून हिरवळ उगवतात. सिंहासनावर महाराज, दारात भालदार, बुरुजावर तोफ, माचीवर मावळे. दिवाळी सरली की पुतळे धुऊन-पुसून खोक्यात जातात, पुढल्या वर्षी त्यांत चार नव्यांची भर पडते. कुठला मावळा कुठे उभा राहील यावर भावंडांत वाद झडतात, आणि थोरला दादा प्रत्येक पुतळ्याची गोष्ट सांगतो. त्या गोष्टी पुतळ्याबरोबर साठत नाहीत. दादा नोकरीला पुण्याला गेला की त्याही जातात.

इथे ते परदेशी तंत्र खरोखर उपयोगी पडू शकते, आणि ते अवघडही नाही. चिपची कोरी चिकटपट्टी स्वस्तात मिळते आणि अनेक अँड्रॉइड फोन ती वाचतात. माती नि प्लास्टर या क्षेत्राला अडवत नाहीत, धातू अडवतो. म्हणून पुतळ्याच्या बुडाशी पत्रा नको. भट्टीत चिप टिकत नाही, तेव्हा पट्टी भाजणीनंतरच चिकटवावी. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे आणि बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दोन्हीकडच्या हातांनी मिळून करावे असे हे काम आहे. चिपमध्ये संकेतस्थळाचा नुसता पत्ता भरणे सोपे, पण संकेतस्थळे बंद पडतात. डिस्ने इन्फिनिटीच्या ऑनलाइन सोयी २०१७ मध्ये बंद झाल्या. पुतळे मात्र जुन्या कन्सोलवर आजही चालतात. म्हणून सगळा मजकूरच चिपमध्ये भरावा. बाजारात ८८८ बाइटची चिप मिळते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे सुमारे २९० चिन्हे : मावळ्याचे नाव, त्याचा गड आणि दोन-तीन वाक्यांची त्याची हकीकत, इंटरनेटशिवाय.