स्वस्त घरं आली की वस्ती बिघडते का?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचं उपनगर आहे. १९७० साली तिथल्या महापौरांनी चर्चमध्ये जमलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना सरळ सुनावलं, की इथे राहणं परवडत नसेल तर गाव सोडा. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. त्यांच्यातल्या एथेल लॉरेन्स कोर्टात गेल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ आणि पुन्हा १९८३ साली निकाल दिला, की बांधकामाचे नियम असे आखता येणार नाहीत की कमी उत्पन्नाच्या लोकांना गावात जागाच राहू नये. तरीही घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. एथेलबाई १९९४ मध्येच गेल्या होत्या. वसाहतीला मात्र त्यांचं नाव आहे: एथेल लॉरेन्स होम्स. एका ना-नफा संस्थेने बांधलेली ही १४० घरं.

विरोधकांचं म्हणणं कुठल्याही गावात ऐकू येतं तेच होतं: गुन्हे वाढतील, आमच्या घरांच्या किमती पडतील, कर वाढतील. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हे तिन्ही दावे आकडे काढून तपासले. आसपासच्या तशाच गावांशी तुलना केली. तिन्हींपैकी एकही खरा ठरला नाही. शेजारच्या वस्त्यांमधल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तर आपल्या शेजारी अशी वसाहत आहे हेच माहीत नव्हतं!

आत राहणाऱ्यांचं काय झालं, हे शोधणं जास्त अवघड होतं. अशा घरासाठी अर्ज करणारी कुटुंबं मुळातच खटपटी असतात. त्यांची प्रगती झाली तर श्रेय घराचं की त्यांच्या स्वभावाचं? म्हणून संशोधकांनी रहिवाशांची तुलना प्रतीक्षा यादीतल्या कुटुंबांशी केली. अर्ज दोघांनीही केलेला, घर एकालाच मिळालेलं. घर मिळालेल्यांमध्ये नोकरी करणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि सरकारी मदतीवरचं अवलंबन कमी. त्यांच्या मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळत होती, मुलं जास्त वेळ वाचत होती आणि शाळा आधीपेक्षा कठीण असूनही मागे पडत नव्हती.

हे घडतं कसं? पहिलं कारण सरळ हिशेबाचं. अमेरिकेत उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत खर्च म्हणजे परवडणारं घर, असं मानतात. हा आकडा काही निसर्गनियम नव्हे. सरकारी घरांसाठी १९६९ साली २५ टक्के ठरला होता, १९८१ मध्ये तो ३० वर गेला. भाडं आवाक्यात राहिलं की औषधं आणि शाळा यांसाठी पैसे उरतात. ना-नफा संस्थेला भागधारकांना लाभांश द्यायचा नसतो. त्यामुळे शिल्लक इमारतीतच परत येऊ शकते आणि बाजार तेजीत आला म्हणून भाडेकरूला बाहेर काढायचा मोह राहत नाही.

माझ्या मते मात्र पैशांपेक्षा मोठं काम करतं ते एकाच जागी टिकून राहणं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शिकागोतल्या ३४३ वस्त्यांमधल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न अगदी साधे होते. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर टवाळक्या करत असतील तर तुमचे शेजारी त्यांना हटकतील का? कोणी भिंतीवर रंग फवारत असेल तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? जिथे लोक ‘हो, हटकतील’ म्हणाले, तिथे हिंसाचार कमी निघाला. वस्तीची गरिबी हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला. आणि हा परस्परांवरचा भरवसा कुठे जास्त होता? इतर गोष्टींबरोबर, जिथे कुटुंबं वर्षानुवर्षं एकाच घरात राहत होती तिथे. उघडच आहे. ज्याचं नाव माहीत नाही अशा पोराला हटकणार कोण? दर वर्षी भाडं वाढलं म्हणून बिऱ्हाड हलवणाऱ्याची शेजाऱ्यांशी ओळख व्हायची ती कधी?

नुसती इमारत बांधून हे होत नाही. सेंट लुईसमधली प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची, प्रत्येकी ११ मजल्यांची सरकारी वसाहत १९५०च्या दशकात उभी राहिली आणि १९७०च्या दशकात पाडली गेली. बांधकामाला केंद्राचा पैसा होता, देखभाल मात्र भाड्यातून भागवायची होती. शहराची लोकसंख्या घटली, घरं रिकामी पडू लागली, भाडं आटलं, मग लिफ्ट बंद पडल्या की बंदच राहिल्या. दोष वास्तुरचनेला देणारे पुष्कळ आहेत. मला तो हिशेबाच्या वहीतला जास्त वाटतो.

याच्या उलट टोकाला ऑक्टेव्हिया हिल. १८६५ साली इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या पैशावर या बाईंनी लंडनमधली मोडकळीला आलेली काही घरं चालवायला घेतली. भाडं वसूल करायला दर आठवड्याला त्या स्वतः दारात जायच्या. गुंतवणुकीवर ५ टक्के परतावा बाजूला काढून उरलेल्या पैशांतून दुरुस्त्या व्हायच्या. त्यांचा सूर शिस्तीचा, थोडा वरचढपणाचा होता, आज तो खपणार नाही. पण दर आठवड्याला एक ओळखीचं माणूस दाराशी येतं आणि घरात काय बिनसलंय ते त्याला दिसतं, ही कल्पना टिकली. आज अनेक गृहसंस्थांमध्ये ‘रहिवासी सेवा’ म्हणून जे चालतं, त्याची सुरुवात इथे शोधता येते.

या सेवांचा फायदा मोजलाही गेला आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही सरकारी वसाहतींत ‘जॉब्स-प्लस’ नावाचा प्रयोग झाला. भाडं उत्पन्नाच्या टक्केवारीत असलं की एक विचित्र गोष्ट होते: पगार वाढला की भाडंही वाढतं, म्हणजे जास्त काम केल्याचा जणू दंडच. प्रयोगात ही वाढ आवरली, वसाहतीच्या आतच नोकरीसाठी मदत करणारं कार्यालय उघडलं आणि कामाची खबर एकमेकांना देणारे रहिवासी तयार केले. डेटन, लॉस एंजेलिस आणि सेंट पॉल या शहरांत तिन्ही गोष्टी नीट राबवल्या गेल्या. तिथे सात वर्षांत रहिवाशांची कमाई तुलनेच्या वसाहतींपेक्षा सरासरी १६ टक्क्यांनी जास्त राहिली. जिथे काम अर्धवट झालं, तिथे तसा परिणाम दिसला नाही.

अर्थात सगळीकडे एकच चित्र नाही. रिबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड या अर्थशास्त्रज्ञांनी करसवलतीतून बांधलेल्या परवडणाऱ्या घरांचा आसपासच्या किमतींवरचा परिणाम तपासला. गरीब वस्तीत अगदी शेजारच्या घरांच्या किमती सुमारे ६.५ टक्के वाढल्या आणि गुन्हे घटले. श्रीमंत, मुख्यतः गोऱ्या वस्तीत मात्र किमती सुमारे २.५ टक्के उतरल्या. तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाला ‘कुठे?’ हा प्रतिप्रश्न विचारावाच लागतो.

सेवांचं घोडं अडतं ते पगारापाशी. व्हरमाँट राज्यात कॅथीड्रल स्क्वेअर या ना-नफा गृहसंस्थेने वृद्धांसाठी एक योजना आखली: दर १०० जणांमागे एक पूर्णवेळ समन्वयक आणि आठवड्यातला काही वेळ येणारी परिचारिका. औषधं वेळेवर घेतली जाताहेत का, दवाखान्यातून घरी आल्यावर कोणी पडलं-झडलं का, हे त्या बघतात. स्वतंत्र मूल्यमापनात दिसलं, की शहरी भागातल्या गटांत मेडिकेअरवरचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यावरचा, खर्च कमी वेगाने वाढला. म्हणजे खर्च गृहसंस्थेचा आणि बचत विमा खात्याची. असल्या व्यवहारात कोणीच पुढे येत नाही. व्हरमाँटमध्ये गाडी पुढे गेली, कारण २०११ पासून एका प्रायोगिक योजनेखाली मेडिकेअरनेच या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली.