जेवायला येतो म्हटलं म्हणजे करार झाला का?

लग्नाला आम्ही सहाजण नक्की येतो असं फोनवर सांगितलं, यजमानाने त्या हिशोबाने केटररला ताटं सांगितली आणि कोणी फिरकलंच नाही, तर केटरर ठरलेल्या ताटांचे पैसे घेणारच कारण त्याच्याशी करार झालेला असतो, पण पाहुण्याकडून एका ताटाचेही पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत.

यामागे १९१९ ची इंग्लंडमधली बाल्फोर केस आहे. नवरा सिलोनला म्हणजे आत्ताच्या श्रीलंकेत सरकारी नोकरीत, १९१५ ला रजेवर दोघं इंग्लंडला आले, बायकोला संधिवात, डॉक्टरांनी इथेच राहा म्हणून सांगितलं, आणि १९१६ मध्ये एकटा परत जाताना तो म्हणाला महिना ३० पौंड देत जाईन. पुढे संबंध बिघडले, तिने दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकली आणि अपिलात हरली. न्यायमूर्ती ॲटकिन म्हणाले की दोघांनी फिरायला जायचं ठरवलं किंवा कोणी पाहुणचाराला बोलावलं आणि समोरच्याने हो म्हटलं तर तो करार होत नाही, नवरा-बायकोच्या अशा बोलण्याचंही तेच. जेवणाबद्दल ते अगदी बरोबर बोलले, पण आजारी बाईचा महिन्याचा खर्च आणि जेवणाचं आमंत्रण एकाच पारड्यात टाकलं हे मला आजही पटत नाही.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १० मध्ये मोकळी संमती, मोबदला वगैरे सगळं आहे पण कायद्याने बांधून घ्यायचा हेतू हवा असे शब्द नाहीत, तो विचार आपल्याकडे इंग्लंडच्या निकालांतूनच आला. उलट कलम २५ मध्ये जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलेलं वचन लिहून रजिस्टर केलं तर मोबदला नसला तरी चालतं, मला हे फार माणुसकीचं वाटतं.

आणि बाल्फोरच्याही आधी, १८८६ ला, कलकत्ता हायकोर्टात हावड्याच्या टाऊन हॉलच्या वर्गणीचं प्रकरण आलं होतं, एकाने १०० रुपयांचा आकडा टाकून सही केली, त्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं गेलं आणि मग हा देईना, कोर्टाने द्यायला लावले. खर्च यजमानाचाही होतोच की, पण पाहुणा येतो म्हणताना ताटाचे पैसे देईन असं कधी म्हणत नाही, हावड्याच्या कागदावर मात्र पैसे देण्याचंच वचन होतं.