प्लॅट पुण्यात येण्याआधी

२०१५ साली इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबानं डेव्हिड प्लॅटला प्रशिक्षक नेमलं, तेव्हा बालेवाडीच्या स्टेडियमकडे वळणाऱ्या बऱ्याच तरुण प्रेक्षकांना हे नाव ओळखीचं नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र लगेच एक गोल आठवला. आदल्याच वर्षी मुंबई सिटीनं पीटर रीडला आणलं होतं. रीड आणि प्लॅट दोघेही इंग्लंडचे, दोघेही मधल्या फळीतले, आणि दोघांनाही तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेनं वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं होतं. रीडला १९८५ मध्ये, प्लॅटला १९९० मध्ये. पण जगाला रीड आठवतो तो १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाच्या त्या प्रसिद्ध धावेत सुरुवातीलाच मागे पडलेला खेळाडू म्हणून, आणि प्लॅट आठवतो बोलोन्यातल्या एका फटक्यासाठी. त्या फटक्याच्या मागे-पुढे काय काय होतं, ते सांगायला हवं.

प्लॅटचा जन्म १० जून १९६६ चा, ओल्डमला लागून असलेल्या चॅडर्टनचा. घरापासून थोड्याच अंतरावर मँचेस्टर युनायटेड. तिथं तो शिकाऊ खेळाडू म्हणून लागलाही, पण पहिल्या संघातून एकही सामना न खेळता १९८५ च्या सुरुवातीला त्याला मोकळं करण्यात आलं. फी शून्य. त्याला उचललं क्रू अलेक्झांड्रानं. क्रू म्हणजे रेल्वेचं गाव. आपल्याकडे मनमाड किंवा भुसावळ म्हटल्यावर जसं जंक्शन डोळ्यापुढे येतं, तसं इंग्रजांना क्रू म्हटल्यावर येतं. क्लब चौथ्या श्रेणीत. प्रशिक्षक होते दारिओ ग्राडी, जन्मानं मिलानचे. मोठ्या क्लबांनी नाकारलेली पोरं घ्यायची, घासूनपुसून तयार करायची आणि विकायची, यावर क्रूचा प्रपंच चालायचा. प्लॅटनं तिथं तीन वर्षं काढली आणि मधल्या फळीत खेळून पन्नासच्या वर गोल केले. फेब्रुवारी १९८८ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलानं त्याला २ लाख पौंडांना घेतलं. व्हिला तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, प्रशिक्षक ग्रॅहम टेलर.

प्लॅटचा खेळ कसा होता, हे इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्याच्याकडे इंग्लंडच्या संघातल्या पॉल गॅस्कॉइनसारखी करामत नव्हती. चेंडू पायात घेऊन तिघांना चकवणं त्याच्याकडून कुणी अपेक्षितही केलं नाही. त्याचं कसब एकच: उशिरा पोचणं. आघाडीवीर आधीच गोलच्या तोंडाशी असतात, बचावपटू त्यांना चिकटलेले असतात. प्लॅट मागे वीस-पंचवीस यार्डांवर रेंगाळायचा, कुणाच्याच हिशेबात नसल्यासारखा. क्रॉस, म्हणजे बाजूनं आत टाकलेला चेंडू, येण्याच्या क्षणभर आधी निघायचा आणि चेंडूबरोबरच पोचायचा. टीव्हीवर ही धाव बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेरच राहायची. गोल झाल्यावर मग समालोचक विचारणार, हा कुठून आला?

व्हिला वर चढला आणि १९८९-९० मध्ये लिव्हरपूलपाठोपाठ दुसरा आला. त्याच मोसमात, नोव्हेंबर १९८९ मध्ये, वेम्बलीवर इटलीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून प्लॅट इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला. वय तेवीस. पाच वर्षांपूर्वी ज्याला फुकट सोडलं होतं, तो १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकाच्या विमानात बसला. तोही राखीव म्हणून. कर्णधार ब्रायन रॉबसन त्याच्या जागेवर पक्का होता. रॉबसन दुखापत होऊन स्पर्धेतून बाहेर पडला नसता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

२६ जून १९९०. बोलोन्याचं रेनातो दाल्लारा स्टेडियम, बाद फेरीत बेल्जियम. खरं तर चांगलं खेळला तो बेल्जियम. क्यूलमान्स आणि शिफो या दोघांचेही फटके खांबावर आदळले. उत्तरार्धात स्टीव्ह मॅकमहनच्या जागी प्लॅट आत आला. नव्वद मिनिटं गोलशून्य, मग जादा वेळ, तोही संपत आलेला. सगळ्यांना पेनल्टी दिसू लागल्या होत्या. ११९ व्या मिनिटाला गॅस्कॉइन चेंडू घेऊन मधूनच सुसाट निघाला आणि त्याला पाडण्यात आलं. फ्री किक, गोलपासून बऱ्यापैकी लांब. गॅस्कॉइननं ती उंच उचलून आत टाकली. चेंडू प्लॅटच्या मागून, उजव्या खांद्यावरून येत होता आणि त्याची पाठ जवळपास गोलकडे होती. चेंडू खाली पडू न देता तो जागच्या जागी गर्रकन वळला आणि उजव्या पायानं व्हॉली मारली. गोलरक्षक प्रुदोम, त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक, काही करू शकला नाही. भारतात तेव्हा रात्रीचे जवळपास तीन वाजत आले होते.

प्लॅटचा इंग्लंडसाठी हा पहिलाच गोल. गंमत अशी, की त्याच्या नेहमीच्या पद्धतीचा तो मुळीच नव्हता. उशिराची धाव नाही, काही नाही, एका जागी उभं राहून केलेला. आणि ओळख चिकटली ती त्याचीच.

पुढच्या सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला. नेपल्समध्ये कॅमेरूनविरुद्ध पिअर्सच्या क्रॉसवर हेडरनं गोल. तुरिनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध उपांत्य सामना पेनल्टींवर गेला, त्यात त्याची पेनल्टी आत गेली; चुकल्या त्या पिअर्स आणि वॉडलच्या. तिसऱ्या क्रमांकासाठी इटलीशी सामना झाला तो बारीला, सान निकोला स्टेडियममध्ये. रेंझो पियानोनं आखलेलं, पाकळ्या उमलल्यासारखं दिसणारं हे स्टेडियम त्या स्पर्धेसाठीच नवंकोरं बांधलेलं. डोरिगोच्या क्रॉसवर प्लॅटनं हेडरनं बरोबरी साधली, शेवटी स्किलाचीच्या पेनल्टीवर इंग्लंड १-२ हरलं. बारीकरांनी त्या संध्याकाळी घरच्या मैदानावर पाहिलेला हा पाहुणा एका वर्षानं त्यांच्याच क्लबात येणार होता.

आता तो इटलीला का गेला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. मे १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यातल्या अंतिम सामन्याआधी दंगल होऊन ३९ जण मेले, त्यात बहुतेक युव्हेंटसचे चाहते. इंग्लिश क्लबांवर युरोपची दारं बंद झाली. प्लॅट क्रूला गेला तेच हे वर्ष. म्हणजे त्याची सगळी जडणघडण बंद दाराआडची. पैसा तेव्हा इटलीत होता. मॅराडोना, गुलिट, मातेउस हे सगळे तिकडेच. बंदी १९९० मध्ये उठली तेव्हा पहिल्या वर्षी युरोपात गेलेले इंग्लिश क्लब दोनच, मँचेस्टर युनायटेड आणि अ‍ॅस्टन व्हिला. व्हिलाची गाठ पडली इंटर मिलानशी, आणि त्या संघात त्याच उन्हाळ्यात जगज्जेते झालेले तीन जर्मन होते: मातेउस, ब्रेमे, क्लिन्समन. घरी व्हिला २-० नं जिंकला, दुसरा गोल प्लॅटचा. मिलानला जाऊन ०-३ हरला ती गोष्ट वेगळी.

१९९१ मध्ये बारीनं त्याच्यासाठी ५५ लाख पौंड मोजले. बारीसारख्या मधल्या क्लबानं एवढे पैसे टाकावेत, यावरून त्या काळची इटली कळते. प्लॅटनं लीगमध्ये ११ गोल केले, तरी बारी खालच्या श्रेणीत घसरला. १९९२ मध्ये युव्हेंटसनं ६५ लाखांना घेतलं. तिथं अडचण वेगळीच होती. नियमानुसार मैदानात एका वेळी तीनच परदेशी चालायचे आणि युव्हेंटसकडे होते चार: कोलर, म्योलर, ज्युलिओ सेझर आणि प्लॅट. चौघांत खुर्च्या तीन, त्यामुळे आळीपाळीनं एकानं प्रेक्षकांत बसायचं. बऱ्याचदा ती पाळी प्लॅटची असे. लीगचे जेमतेम सोळा सामने त्याच्या वाट्याला आले. संघानं युएफा चषक जिंकला खरा, पण तो मोसम त्याच्या ऐन भरातला होता आणि बराचसा वाया गेला.

१९९३ मध्ये ५२ लाखांना तो साम्पदोरियात गेला आणि तिथं रमला. प्रशिक्षक एरिक्सन, सोबत मान्चिनी आणि गुलिट. पहिल्याच वर्षी लीगमध्ये तिसरा क्रमांक आणि इटालियन चषक. प्लॅट इटालियन भाषा व्यवस्थित शिकला. परदेशी गेलेल्या इंग्लिश खेळाडूंमध्ये ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती, आणि मान्चिनीशी झालेली ओळख त्याला पुढे दोन दशकं पुरली.

इंग्लंडच्या संघात मात्र याच काळात उतरती कळा होती. १९९२ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडनं एकच गोल केला, स्वीडनविरुद्ध, तो प्लॅटचा. फेब्रुवारी १९९३ मध्ये वेम्बलीवर सान मरिनोविरुद्ध त्यानं चार गोल केले, आणि पाचव्याची संधी पेनल्टीच्या रूपानं पायाशी आली ती घालवली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉटरडॅमला नेदरलँड्सविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा निर्णायक सामना होता. प्लॅट बचावफळी फोडून एकटा गोलकडे निघाला आणि रोनाल्ड कुमननं त्याला मागून खेचलं. लाल कार्ड निघायला हवं होतं, निघालं पिवळं. काही मिनिटांत त्याच कुमननं फ्री किकवर गोल केला. इंग्लंड २-० नं हरलं. शेवटचा पात्रता सामना पुन्हा सान मरिनोशी, त्यांच्या ‘घरी’. सान मरिनोचं घरचं मैदान म्हणून निवडलेलं ठिकाण होतं बोलोन्याचं रेनातो दाल्लारा. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या गवतावर प्लॅट नायक झाला, तिथंच पहिल्या दहा सेकंदांत सान मरिनोनं गोल केला. इंग्लंड नंतर ७-१ नं जिंकलं, पण १९९४ च्या विश्वचषकाला गेलं नाही.

१९९५ मध्ये आर्सेनलनं त्याला ४७.५ लाखांना मायदेशी आणलं. व्हिलापासूनच्या सगळ्या फिया जोडल्या तर आकडा २ कोटी २० लाख पौंडांच्या वर जातो. त्या काळच्या मानानं डोळे विस्फारणारा. गुडघे कुरकुरू लागले होते. १९९६ च्या युरो स्पर्धेत तो कधी आत, कधी बाकावर. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध पुन्हा पेनल्टी, पुन्हा प्लॅटची आत गेली, पुन्हा इंग्लंड बाहेर. तारीख २६ जून. बोलोन्याला बरोबर सहा वर्षं झाली होती, आणि देशासाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला. ६२ सामने, २७ गोल, १९ वेळा कर्णधारपद. मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी हे काय आहे ते पाहायचं तर लॅम्पार्डचे १०६ सामन्यांत २९ आणि जेरार्डचे ११४ सामन्यांत २१ गोल शेजारी ठेवून पाहावेत.

नोव्हेंबर १९९७ मध्ये आर्सेनलच्या हायबरी या घरच्या मैदानावर आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड २-२ असताना कॉर्नरवर प्लॅट उठला आणि हेडरनं सामना जिंकून दिला. ज्या क्लबानं फुकट सोडलं, त्याच्याविरुद्ध. प्रशिक्षक वेंगरच्या आर्सेनलनं त्या मोसमात लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले. त्या सामन्यात आर्सेनलचा पहिला गोल ज्या पोरगेल्या फ्रेंच आघाडीवीरानं केला होता, त्याचं नाव निकोला अनेल्का.

प्रशिक्षक म्हणून प्लॅटचं फारसं जमलं नाही. साम्पदोरियात काही आठवडे, नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये दोन वर्षं, मग इंग्लंडचा २१ वर्षांखालील संघ. मँचेस्टर सिटीचा प्रशिक्षक झालेल्या मान्चिनीनं तिथं बोलावून घेतल्यावर त्याचा सहायक म्हणून २०१२ चं प्रीमियर लीग विजेतेपद वाट्याला आलं.

आणि मग पुणे. संघात मुतू, तुंजाय, झोकोरा अशी वजनदार नावं होती, उमेद बरीच ओसरलेली. शेजारच्या मुंबई सिटीचा त्या मोसमातला प्रशिक्षक-खेळाडू होता अनेल्का. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन संघांच्या झुंजीत दोन बाकांवर बसलेले दोघे हायबरीच्या त्या दुपारचे गोल करणारे. आठ संघांत पुणे सातवं आलं. योगायोग म्हणजे आदल्या वर्षी रीडची मुंबईही सातवीच आली होती. प्लॅट एका मोसमानंतर गेला, त्याच्या जागी हबास आले. २०१९ मध्ये पुणे सिटी क्लबच गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादकडे गेली.