बायोसेन्सर : एका व्याख्येची पार्श्वभूमी

एखाद्या रसायनशास्त्रज्ञाची तीस-पस्तीस वर्षे 'बायोसेन्सर'वर, म्हणजे ढोबळमानाने एन्झाइम, प्रतिपिंड किंवा पेशी यांसारख्या जैविक घटकाच्या मदतीने एखादा पदार्थ मोजणाऱ्या साधनावर, गेली असे आपण वाचतो, तेव्हा त्या एका शब्दाखाली निरनिराळी कामे असू शकतात. कोणी आयुष्यभर रक्तातल्या ग्लुकोजच्या मागे असतो, कोणी पाण्यातल्या कीटकनाशकाच्या. कोणी मुळात इलेक्ट्रोडचा माणूस असतो आणि एन्झाइमकडे पुढे वळतो. यातल्या कोणाचे काम बायोसेन्सरचे आणि कोणाचे नाही, यावर या क्षेत्रात बराच वाद झाला आहे. तो समजून घेतल्याशिवाय अशा कारकिर्दीची यादी वाचून फारसे काही हाती लागत नाही.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. १९५४ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातला एक जीवरसायनशास्त्रज्ञ शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर काम करत होता. यंत्रातून बाहेर येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजायची खात्रीची सोय त्याच्याकडे नव्हती. रक्तात बुडवलेला उघडा प्लॅटिनम इलेक्ट्रोड प्रथिनांच्या थराने लगेच निकामी होई. त्याने सिगारेटच्या पाकिटावरचा सेलोफेन इलेक्ट्रोडवर ताणून बसवला. ऑक्सिजन आत गेला, प्रथिने बाहेर राहिली. १९६२ मध्ये त्याने सहकाऱ्यासह अशाच पडद्याशी ग्लुकोज ऑक्सिडेज हे, ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करणारे, एन्झाइम अडकवण्याची कल्पना मांडली : ग्लुकोज जितके जास्त, तितका ऑक्सिजन जास्त खर्ची पडणार. पाच वर्षांनी दुसऱ्या दोघांनी हेच एन्झाइम जेलमध्ये कोंडून इलेक्ट्रोडवर बसवले. १९७५ मध्ये यलो स्प्रिंग्ज या ओहायोतल्याच गावात तयार झालेले, २५ मायक्रोलिटर रक्तावर चालणारे उपकरण बाजारात आले. ते प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहिले. रुग्णाच्या खिशात जाण्याजोगे ते नव्हते.

माझ्या मते खरी कलाटणी १९८४ ची आहे, आणि तिला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही. तोवरच्या उपकरणांना दोन दुखणी होती. पहिले, प्रक्रिया ऑक्सिजनवर अवलंबून. नमुन्यात ऑक्सिजन कमी असला की ग्लुकोजही कमी दिसायचे. दुसरे, प्रक्रियेत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायचे तर प्लॅटिनमवर सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट विभव (विद्युत्दाब) द्यावा लागे आणि त्या विभवाला रक्तातले क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, रुग्णाने घेतलेले पॅरासिटामॉल, सगळेच आपापला विद्युत्प्रवाह मिसळत. इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ऑक्सिजनला बाजूला सारले आणि त्याचे काम फेरोसीन या लोहयुक्त संयुगाला दिले. एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि इलेक्ट्रोडला नेऊन द्यायचा, एवढेच त्याचे काम. याला मध्यस्थ म्हणतात. विभव कमी लागू लागला, ऑक्सिजनची अडचण बरीच हटली आणि कार्बनच्या शाईने छापलेली फेकाऊ पट्टी शक्य झाली. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा, तीस सेकंदांत आकडा देणारा मीटर विकायला आला. आज घराघरांत दिसणाऱ्या मीटरची वंशावळ ओहायोपेक्षा जास्त इथे सापडते.

पण या पट्टीला बायोसेन्सर म्हणायचे का?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण १९९९ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषा ठरवणाऱ्या समितीला त्यावर सविस्तर मसुदा काढावा लागला. त्यातल्या व्याख्येचा आशय असा : बायोसेन्सर म्हणजे स्वयंपूर्ण, एकसंध साधन, त्यातला जैविक ओळख पटवणारा घटक विद्युत्-रासायनिक संवेदकाच्या (रासायनिक बदलाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाच्या) थेट संपर्कात धरून ठेवलेला असावा, आणि त्यातून संख्यात्मक किंवा निमसंख्यात्मक माहिती मिळावी. मध्येच वेगळे अभिकर्मक, म्हणजे प्रक्रियेला लागणारी रसायने, घालावे लागत असतील, तर ती 'जैवविश्लेषण प्रणाली', बायोसेन्सर नव्हे. एका मोजणीनंतर टाकून द्यावे लागणारे आणि सलग मोजू न शकणारे साधन असेल, तर त्याला 'एकदाच वापरायचा बायोसेन्सर' असे वेगळे म्हणावे, अशीही शिफारस झाली.

या मसुद्यावर दोन बाजूंनी नाराजी होती. प्रकाशावर, वस्तुमानावर किंवा तापमानावर काम करणाऱ्यांना वाटले की विद्युत्-रसायनवाल्यांनी शब्दाला स्वतःचे कुंपण घातले. मसुदा त्यांच्याच शाखेपुरता होता हे खरे, पण पुढे व्याख्या उद्धृत करताना ही मर्यादा अनेकदा गळून पडली. दुसरीकडे, ज्यांची पट्टी रोज लाखोंनी विकली जात होती त्यांना 'एकदाच वापरायचा' हा शेरा कमीपणाचा वाटला. व्याख्या सैल करावी, असे म्हणणारे आजही बहुसंख्य असावेत. मला मात्र 'थेट संपर्कात धरून ठेवलेला' हे शब्द मोलाचे वाटतात, कारण या क्षेत्रातल्या रसायनशास्त्रज्ञाचे बहुतेक आयुष्य नेमके त्यातच जाते. एन्झाइम पृष्ठभागावर बांधायचे, पण इतके घट्ट नाही की त्याचा आकार बिघडून ते मरेल. इतके सैलही नाही की दोन धुण्यांत वाहून जाईल. ग्लुटाराल्डिहाइडने जोडायचे, की जेलमध्ये कोंडायचे, की पॉलिपायरोलसारख्या विद्युत्वाहक बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) अडकवायचे, यावर शोधनिबंधांचे ढीग आहेत.

व्याख्येचा काच आपल्याकडेही जाणवतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत २००६ मध्ये मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकासाठी एक साधन प्रसिद्ध झाले. फ्लेव्होबॅक्टेरियम या जिवाणूच्या अख्ख्या पेशी काचतंतूंच्या गाळणकागदावर शोषून घेतल्या होत्या. पेशींतले एन्झाइम कीटकनाशक फोडते, त्यातून पिवळे पॅरा-नायट्रोफिनॉल सुटते आणि पिवळेपणा प्रकाशाने मोजायचा. कापसावर आणि भातावर वापरले जाणारे हे औषध होते. भारतात त्यावर २०१८ मध्ये बंदी आली. इतरत्र अनेकजण ॲसिटाइलकोलिनएस्टरेज या मज्जासंस्थेतल्या एन्झाइमचा प्रतिबंध, म्हणजे कीटकनाशकामुळे ते किती दबले, हे मोजत होते. त्या पद्धतीत एन्झाइम दबले एवढे कळते. ते कोणत्या औषधाने दबले, हे कळत नाही. ट्रॉम्बेच्या पद्धतीत औषध स्वतःच फुटते, म्हणून उत्तर जास्त नेमके. तरीही १९९९ ची व्याख्या अक्षरशः लावली तर हे साधन बाहेर पडते : विद्युत् नाही, प्रकाश आहे, आणि गाळणकागद एकदाच वापरायचा. इतक्या कडकपणे व्याख्या लावणे मलाही मान्य नाही. पेशी धरून ठेवल्या आहेत, ही अट तिथे पुरी होते.

पुढच्या काळात शब्द आणखी पसरला. मनगटावरच्या घड्याळातला नाडी मोजणारा हिरवा दिवादेखील जाहिरातींत 'बायोसेन्सर' झाला. त्यात जैविक घटक कुठेही नाही. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या दोन रेघांच्या किटमध्ये प्रतिपिंड आहेत, पण आकडा देणारा संवेदक नाही. रेघ डोळ्याने वाचायची.

परिभाषेपेक्षा गंभीर प्रसंग २००९ चा. ऑक्सिजनची अडचण पूर्ण टाळण्यासाठी काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी पीक्यूक्यू या सहघटकावर (एन्झाइमला कामासाठी लागणाऱ्या साथीदार रेणूवर) चालणारे ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे दुसरे एन्झाइम घालत. ते माल्टोज या वेगळ्या साखरेलाही ग्लुकोज समजते. पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण वापरलेल्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज येते. मीटर चढा आकडा दाखवी, त्यावरून इन्सुलिन दिले जाई आणि खरी साखर धोक्याच्या खाली जाई. त्या वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला, तेव्हा १९९७ पासूनच्या १३ मृत्यूंची नोंद त्याच्याकडे होती. २०१३ मध्ये मीटरचे आंतरराष्ट्रीय मानक कडक झाले : १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून वरच्या ग्लुकोजसाठी ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के मर्यादेत हवेत. २००३ च्या मानकात ७५ पासून वर ही मुभा २० टक्क्यांची होती.

आता दंडावर चिकटवायचे, दहा-चौदा दिवस सलग मोजणारे संवेदक आले आहेत. धरून ठेवलेले एन्झाइम, बाहेरून अभिकर्मक नाही, सलग मोजणी : १९९९ च्या व्याख्येतली प्रत्येक अट ते पाळतात. पेरॉक्साइड मोजणाऱ्या काही संवेदकांत पॅरासिटामॉलचा जुना त्रासही परत आला आणि उत्पादकांना ती गोळी टाळण्याची सूचना छापावी लागली. नंतरच्या आवृत्त्यांत त्यावर उपाय झाला तो मुख्यतः इलेक्ट्रोडवरच्या पडद्यात बदल करून.